बेडकाचे दोन जन्म

मृग नक्षत्राच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या आहेत. दिवसभर तापलेली जमीन शांत झाली आहे. नांगरलेल्या शेतातून मातीचा सुवास दरवळतो आहे आणि बांधालगतच्या खळग्यात गुडघाभर पाणी साचले आहे. अंधार पडतो न पडतो तोच त्या पाण्यातून आवाज उठतो, 'डराँव! डराँव!' एकाला दुसरा साथ देतो, दुसऱ्याला दहावा; आणि घटकाभरात सारे शिवार त्या घोषाने दुमदुमून जाते. कालपर्यंत या खळग्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. मग एका रात्रीत ही सेना आली कोठून? पावसाबरोबर बेडूकही आभाळातून पडतात, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. खरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बेडूक वरून आले नाहीत; ते खालून आले आहेत.

कोरड्या ऋतूत हा प्राणी मातीत खोल शिरून निपचित पडून राहतो. या अवस्थेस ग्रीष्मनिद्रा म्हणतात. असे लपण्याचे कारण त्याच्या त्वचेत आहे. तिच्यावर केस नाहीत, पिसे नाहीत की खवले नाहीत. ती पातळ आणि सदैव ओलसर असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही; तो ते त्वचेतून शोषून घेतो. त्याला फुप्फुसे आहेत, तरीही श्वसनाचे पुष्कळसे काम त्वचाच करते. परंतु ज्या त्वचेतून पाणी आत येते, तिच्यातूनच ते बाहेरही जाते. कडक उन्हात फार वेळ राहिल्यास बेडूक सुकून मरतो. जी त्वचा त्याला वरदान आहे, तीच त्याचे मर्मस्थानही आहे.

शेतातल्या डबक्यात असा गलका करणारा मोठा बेडूक 'इंडियन बुलफ्रॉग' या नावाने ओळखला जातो. पूर्ण वाढ झाल्यावर तो पंधरा सेंटिमीटरांहूनही लांब होतो. एरवी त्याचा रंग मातकट हिरवा असतो. पण या दिवसांत नराचे अंग हळदीसारखे पिवळेधमक होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगू लागतात. त्या पिशव्यांमुळे आवाज दूरवर पोहोचतो. हे ओरडणे म्हणजे मादीला घातलेली साद होय. मादी पाण्यात हजारो अंडी घालते व तेथेच नर ती फलित करतो.

अंडी साबुदाण्याएवढी, वर काळी व खाली पांढरट असतात. त्यांच्याभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण असते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि त्यांतून बाहेर पडतात ती पिल्ले बेडकासारखी मुळीच दिसत नाहीत! पाय नाहीत, फुप्फुसे नाहीत. आहे ते एक गोल डोके आणि वळवळणारे शेपूट. या पिल्लास भैकेर म्हणतात. तो माशाप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेतो. बहुतेक जातींचे भैकेर शेवाळ खरवडून खातात. बुलफ्रॉगचे भैकेर मात्र दुसऱ्या भैकेरांनाही गिळतात.

येथून एक शर्यत सुरू होते. डबके पावसाचे आहे. पावसाने दडी मारली, की ते आटू लागते. पाणी संपण्यापूर्वी पिल्लाला पाय फुटले तर ते जगेल, नाही तर चिखलात तडफडून मरेल. बगळा, मासा, पाणसाप आणि पाण्यातले किडे हे शत्रू तर आहेतच. हजारो अंड्यांतून मोठे होतात ते अगदी थोडे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. तेथील एका छोट्या भेकाला शास्त्रज्ञांनी २००९ साली नवी जात म्हणून नाव दिले. तो सड्यावरच्या उथळ पाण्यातच अंडी घालतो. पावसाने काही दिवस उघडीप दिली, तरी त्याचा सारा संसार धोक्यात येतो. अशा संकटासाठी निसर्गाने एक सोय केली आहे. पाणी आटू लागले, की कित्येक जातींचे भैकेर आपली वाढ लवकर पुरी करतात. आकाराने ते लहान राहतात, पण जीव वाचवतात.

साधारण महिना-दीड महिन्यात बुलफ्रॉगच्या पिल्लाचा दुसरा जन्म होतो. प्रथम मागचे पाय दिसू लागतात, मग पुढचे. कल्ले नाहीसे होतात, फुप्फुसे काम करू लागतात. शेपूट गळून पडते असा अनेकांचा समज आहे; पण तसे नाही. ते शरीरातच जिरते. या काळात पिल्लाचे तोंड बदलत असल्यामुळे त्याला खाता येत नाही. तेव्हा हे जिरणारे शेपूटच त्याची शिदोरी होते! या बदलास रूपांतरण म्हणतात. त्याची किल्ली कोठे आहे, हे गुडरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवून दिले. त्याने भैकेरांना प्राण्यांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले. तेव्हा त्यांची वाढ पुरी होण्याआधीच त्यांचे चिमुकले बेडूक झाले. मनुष्याच्या गळ्यातही हीच ग्रंथी असते.

जमिनीवर आलेला बेडूक शेतकऱ्याचा न बोलावता आलेला गडी असतो. त्याची जीभ पुढच्या बाजूने जोडलेली असल्यामुळे ती झटकन बाहेर फेकता येते. कीटक हलला, की जीभ सुटली आणि भक्ष्य तोंडात! घास गिळताना तो डोळे मिटतो. त्यावेळी डोळे आत दाबले जाऊन घास घशाखाली ढकलतात. टोळ, नाकतोडे, अळ्या असे कितीतरी पिकांचे शत्रू तो रात्रभर टिपत असतो.

अशा या मित्राशी मनुष्य कसा वागला? परदेशांत बेडकाच्या तंगड्यांना मोठी मागणी होती. पावसाळ्याच्या रात्री दिवे घेऊन माणसे शेतात जात आणि ऐन अंडी घालण्याच्या दिवसांत बेडूक पोत्यांत भरून आणीत. भारतातून दरसाल हजारो टन तंगड्यांची निर्यात होऊ लागली. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध लेखणी उचलली. अखेर १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली.

तरीही धोका सरलेला नाही. डबकी बुजतात, रस्ते वाढतात, फवारलेली विषे पाण्यात उतरतात आणि त्या पातळ त्वचेतून बेडकाच्या शरीरात जातात. त्वचेला जडणारा एक बुरशीचा रोग शास्त्रज्ञांनी १९९८ साली ओळखला. त्याने जगाच्या अनेक भागांत बेडकांच्या जाती नष्ट केल्या आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार उभयचरांच्या दर पाच जातींमागे सुमारे दोन जातींचे अस्तित्व संकटात आहे.

आपल्या भाषेने बेडकाला फारसा मान दिलेला नाही. संकुचित दृष्टीच्या मनुष्यास आपण 'कूपमंडूक' म्हणून हिणवतो. खरे पाहता एकाच आयुष्यात पाण्याचे आणि जमिनीचे अशी दोन्ही जगे पाहणारा हा प्राणी! ज्या गावाच्या शिवारात पहिल्या पावसानंतर तो अजून ओरडतो, तेथील पाणी आणि माती अजून जिवंत आहेत, असे समजावे. तो आवाज थांबला, तर गावाने वेळीच सावध व्हावे.

स्वाध्याय

१. पहिल्या पावसानंतर बेडूक एकाएकी कोठून येतात?
२. 'जी त्वचा वरदान आहे, तीच मर्मस्थानही आहे', हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. भैकेर व बेडूक यांच्यातील चार फरक लिहा.
४. 'कूपमंडूक' या शब्दाचा अर्थ सांगून तो वाक्यात योजा.
५. पावसाळ्यात जवळच्या डबक्यातील अंडी व भैकेर यांना हात न लावता रोज पाहा. दिसलेले बदल तारीखवार वहीत लिहा.