गाडीची बॅटरी बदलताना आधी मीटर, मग बिल : बॅटरी सर्व्हिसच्या धंद्यातला पहिला धडा



कमी भांडवलात, दुकान न घेता, दुचाकीवर फिरून करता येईल असा धंदा कोणता, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. त्यातलं एक चांगलं उत्तर म्हणजे घरपोच कार बॅटरी सर्व्हिस. गाडी सकाळी चालू होत नाही, माणसाला कामावर जायचंय, टॅक्सीवाल्याचं भाडं चुकतंय. अशा वेळी जो अर्ध्या तासात येतो त्याचा नंबर ग्राहक जपून ठेवतो.

पण इथेच बरेच नवे लोक फसतात. फोन आला की ते बॅटरी उचलतात, जातात, बदलतात, पैसे घेतात. पंधरा दिवसांनी तोच ग्राहक पुन्हा फोन करतो, "अहो, तुमची बॅटरी पण उतरली!" आता तो दोष बॅटरीला देत नाही, तुम्हाला देतो. म्हणून आजचा धडा एका वाक्यात : आपण बॅटरी विकायला जात नाही, गाडी का चालू होत नाही ते शोधायला जातो. बॅटरी लागली तरच विकायची.

## आधी हिशेब बघू

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे टाकून हाच हिशेब वहीत करा.

- बॅटरी तुम्हाला पडली : 3,700 रुपये
- ग्राहकाला विकली : 4,300 रुपये
- जुनी परत घेतली म्हणून सूट : 600 रुपये
- जुनी बॅटरी डीलरला दिली, मिळाले : 750 रुपये
- जाण्या-येण्याचं पेट्रोल : 100 रुपये

हातात राहिले 650 रुपये. लक्षात घ्या, इथे सगळा नफा जुन्या बॅटरीच्या व्यवहारावर टिकलाय. जुनीचा भाव न विचारता सूट देणारा माणूस तोट्यात जातो.

आता समजा दोष बॅटरीत नव्हताच, अल्टरनेटरमध्ये होता. ग्राहकाने नवी बॅटरी परत केली. ती आता नवी म्हणून विकता येत नाही, 800 रुपये तोडून विकावी लागते. दोन फेऱ्यांचं पेट्रोल 200. एकूण 1,000 गेले. म्हणजे एक चुकीची विक्री दीड चांगल्या विक्रीचा नफा खाते. वर नाव खराब झालं ते वेगळंच. आणि कंपनी वॉरंटीत बसवेल असं धरू नका. बॅटरी चांगली आहे, फक्त उतरलेली आहे, असं टेस्टिंगमध्ये निघालं तर ती बदलून मिळत नाही.

हे सगळं टाळायला लागतो एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि दहा मिनिटं.

## दहा मिनिटांची तपासणी

1. डोळ्यांनी बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमलीय का? क्लॅम्प हाताने हलतोय का? हलत असेल तर करंट पोचतच नाही आणि बॅटरी बिचारी फुकट बदनाम होते. टर्मिनल साफ करून क्लॅम्प आवळला आणि गाडी चालू झाली, तर फक्त सर्व्हिस चार्ज घ्या. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा ॲसिड गळणारी दिसली तर पुढच्या चाचण्या नकोत, ती बदलायचीच.

2. गाडी बंद असताना व्होल्टेज. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12.0 च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. गाडी नुकतीच चालवून बंद केली असेल तर रीडिंग खोटं जास्त येतं. एक-दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी एक नाही. रात्रभर लाइट चालू राहिला तर चांगली बॅटरीसुद्धा 11 व्होल्टवर येते. ती आधी चार्ज करायची, मग निकाल द्यायचा.

3. सेल्फ मारताना व्होल्टेज. मीटर टर्मिनलला लावून ठेवा आणि ग्राहकाला सेल्फ मारायला सांगा. बॅटरी चार्ज असताना आकडा साधारण 9.6 च्या खाली पडत असेल तर बॅटरीत दम राहिलेला नाही. बंद असताना 12.6 आणि सेल्फ मारताना 8, हे बॅटरी संपल्याचं नेहमीचं लक्षण.

4. इंजिन चालू असताना व्होल्टेज. सर्वसाधारण गाडीत 13.8 ते 14.5 यायला हवं. 13 च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासायला सांगा. 15 च्या वर जात असेल तर जादा चार्जिंग होतंय, नवी बॅटरीही उकळून निघेल. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावर चालतो, आकडा मुद्दाम खालीवर होतो. अशा गाडीत हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा मोजा, एका रीडिंगवर निकाल देऊ नका.

5. गाडी बंद असताना कुठे करंट जातोय का? दर दोन-तीन दिवसांनी बॅटरी उतरते अशी तक्रार असेल तर ही चाचणी करायची. सगळं बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा, मग निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर लावून करंट मोजा. साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावा. जास्त असेल तर बाहेरून बसवलेल्या वस्तू बघा : जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर. मीटर असा लावलेला असताना सेल्फ कधीही मारायचा नाही, मीटरचा फ्यूज लगेच उडतो.

ही पाच रीडिंग एका छापील चिठ्ठीवर लिहून ग्राहकाच्या हातात द्या. आकडे दिसले की ग्राहक घासाघीस कमी करतो, हा या धंद्यातला मोठा फायदा आहे.

## बॅटरी बदलायचीच, तर कोणती?

माप आणि टर्मिनल. जुन्या बॅटरीवरचा कोड वाचा. उदाहरणार्थ 38बी20एल. यातला 20 म्हणजे लांबी साधारण 20 सेंटिमीटर, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनलची बाजू. एल-आर चुकलं तर केबल पोचत नाही, किंवा घाईत उलटी जोडली जाते आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होतं. टर्मिनलचे खांबही जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे येतात. सोपा नियम : जुनी आणि नवी शेजारी-शेजारी ठेवा, नजरेने जुळवा, मगच बसवा. उंच बॅटरी बसवून टर्मिनल बॉनेटला लागलं तर थेट शॉर्ट होतो, हेही बघा.

अँपिअर-अवर आणि क्रँकिंग क्षमता. कंपनीच्या पुस्तिकेत जेवढं दिलंय त्यापेक्षा कमी कधीच नको. थोडं जास्त चालतं, जागेत बसत असेल तर. पण "मोठी बॅटरी म्हणजे जास्त टिकणार" असं सांगून महाग बॅटरी गळ्यात मारू नका. डिझेल इंजिन दाबायला जास्त जोर लागतो, म्हणून एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला बहुतेक वेळा वेगळी बॅटरी असते. फोनवर ऑर्डर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा : पेट्रोल की डिझेल, आणि कोणत्या सालची गाडी?

प्रकार. सिग्नलला थांबल्यावर ज्या गाडीचं इंजिन आपोआप बंद होतं, तिला साधी बॅटरी चालत नाही. तिथे ईएफबी किंवा एजीएम हा प्रकार लागतो, कारण दिवसात कितीतरी वेळा सेल्फ मारला जातो. जुनी एजीएम असेल तर एजीएमच द्या. स्वस्तात साधी बसवली तर ती लवकर संपते आणि परत फोन तुम्हालाच येतो.

काही ग्राहक विचारतात, "घरच्या इन्व्हर्टरला हीच लावू का?" स्पष्ट नाही म्हणा. कारच्या बॅटरीतल्या प्लेट पातळ असतात, क्षणभर भरपूर करंट देण्यासाठी. इन्व्हर्टरला तासन्‌तास हळूहळू देणारी जाड प्लेटची बॅटरी लागते.

उत्पादनाची तारीख. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते, आणि उतरलेली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. म्हणून डीलरकडून माल घेताना तारखेचा कोड वाचायला शिका. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, डीलर दोन मिनिटांत समजावतो. सहा महिने पडून राहिलेला माल सवलतीत मिळतोय म्हणून उचलू नका.

वॉरंटी. कार्डावर 55 महिने, 60 महिने असा मोठा आकडा असतो, पण बहुतेक वेळा त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मोफत बदली, दुसऱ्या भागात प्रो-रेटा, म्हणजे नव्या बॅटरीवर फक्त सूट. ही सूट छापील किमतीवर मोजली जाते. समजा छापील किंमत 6,000 आणि सूट 30 टक्के. ग्राहकाला 4,200 भरावे लागतील. तीच बॅटरी बाजारात 4,300 ला मिळत असेल आणि जुनीचे 600 कमी होत असतील, तर बाहेर 3,700 लाच पडते! म्हणून मोफत बदलीचे महिने किती, तेवढंच ग्राहकाला ठळक सांगा. टॅक्सीसाठी मुदत अनेकदा कमी असते, कार्ड वाचूनच बोला. कार्डावर गाडीचा नंबर, तारीख आणि सोबत बिल हवंच.

## बसवताना

चष्मा आणि हातमोजे घाला. बॅटरीत सौम्य सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट कोणालाही ओढू देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही, त्यासाठी हा क्रम. शेवटी पट्टी नीट आवळा. खड्ड्यांच्या रस्त्यावर हलणारी बॅटरी लवकर जाते.

काही महागड्या गाड्यांत नवी बॅटरी संगणकाला स्कॅनरने कळवावी लागते. ते साधन नसेल तर काम घेऊ नका, सर्व्हिस सेंटरचं नाव सांगा. नाही म्हणणं हीसुद्धा सर्व्हिस आहे.

## जुनी बॅटरी : पैसा आणि जबाबदारी

बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, 2022 नुसार जुनी बॅटरी अधिकृत साखळीतून रिसायकलिंगला गेली पाहिजे. ॲसिड गटारात ओतणं, बॅटरी फोडून शिसं काढणं हे बेकायदेशीर तर आहेच, पण शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. रुपये-दोन रुपये जास्त मिळतात म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. डीलरला द्या आणि पावती ठेवा.

## सुरुवात किती मालाने?

डीलर जवळ असेल तर माल भरूच नका. तुमच्या भागात जास्त चालणारी दोन-तीन मापं, प्रत्येकी एक. आधी आलेली आधी विका. दर महिन्याला व्होल्टेज मोजा आणि 12.4 च्या खाली गेली की चार्जला लावा. उन्हाळ्यात बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांनी हे जास्त लक्षात ठेवा.

## या आठवड्याचा गृहपाठ

1. मल्टीमीटर घ्या. घरच्या, शेजारच्या आणि मित्रांच्या मिळून दहा गाड्यांची रीडिंग फुकट घ्या. गाडीचं मॉडेल, साल, बॅटरीचा कोड आणि वय वहीत लिहा.
2. दोन डीलरकडून एकाच मापाचा खरेदी भाव आणि जुनीचा परत-भाव लिहून आणा.
3. वरचा नफ्याचा हिशेब तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा.

त्या दहा गाड्यांपैकी ज्यांची बॅटरी सेल्फ मारताना 10 च्या आसपास घसरतेय, तेच तुमचे पहिले ग्राहक. त्यांना आजच विकायची घाई करू नका. फक्त आकडा सांगा, "दोन महिन्यांनी परत मोजू" म्हणा आणि नंबर देऊन या. गाडी अडेल त्या दिवशी फोन तुम्हालाच येईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मीटर हातात, वही खिशात!