परसबागेतील डाळिंब : सुरसा अळी आणि काढणी

बेंगळुरूच्या परसबागांत डाळिंबाचे झाड सहज रुजते. सुमारे ९०० मीटर उंचीवरील सौम्य हवा आणि निचऱ्याची तांबडी माती त्याला मानवते. शहरालगत हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘रूबी’ वाणाच्या वंशात पुण्याच्या गणेशखिंड येथील ‘गणेश’ आहे. मात्र घरच्या झाडाची फळे अनेकदा फोडल्यावर आतून काळवंडलेली निघतात. दोष बहुधा वाणाचा नसून फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीचा (व्हिराकोला आयसोक्रेटस) असतो.

या अळीचे फुलपाखरू देखणे असते. नराच्या पंखांवर निळसर जांभळी झळाळी, तर तपकिरी मादीच्या पुढील पंखांवर नारिंगी ठिपका दिसतो. बागेत ते कौतुकाने पाहिले जाते, ते का आले आहे याकडे लक्ष जात नाही. मादी फुलांच्या पाकळीबाहेरील जाड पुष्पकोशावर व कोवळ्या फळांवर एकेक अंडे घालते. अळी फळात शिरून दाणे खाते आणि शरीराच्या मागील टोकाने छिद्र बुजवून ठेवते. छिद्रातून विष्ठा बाहेर येऊ लागते, तेव्हा आतील नुकसान बरेच पुढे गेलेले असते. कधी अळी बाहेर येऊन देठ रेशमी धाग्यांनी फांदीला बांधते. त्यामुळे किडके फळ गळण्याची वाट पाहणे व्यर्थ ठरते. कोषावस्था फळातच पूर्ण होऊन नवे फुलपाखरू बाहेर पडते. किडलेले फळ दिसताच तोडून खोल पुरावे. उघड्या कंपोस्टच्या ढिगावर टाकल्यास कीड केवळ जागा बदलते. चिंच, पेरू व आवळा यांवरही ती जगते, म्हणून शेजारच्या झाडांवरही लक्ष हवे.

सिंचन मिळणारे घरचे झाड वर्षभर फुलते आणि किडीला अखंड खाद्य मिळते. एकच बहार धरून इतर फुले खुडणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. हस्त बहाराची फळे कोरड्या महिन्यांत वाढतात व तेल्या रोगाचा धोका कमी राहतो. परंतु ऑगस्टच्या पावसात झाडाला ताण देणे पागोळीखाली हलवता येणाऱ्या कुंडीतच शक्य आहे. जमिनीतील झाडाला डिसेंबरमध्ये पाणी तोडून आंबे बहार धरणे अधिक व्यवहार्य.

फळ लिंबाएवढे होताच मलमलीची किंवा बटर पेपरची पिशवी बांधावी. तत्पूर्वी पुष्पकोश नीट तपासावा, अन्यथा अळी पिशवीतच सुरक्षित राहते. घरच्या मोजक्या फळांसाठी कीटकनाशकाची गरज सहसा पडत नाही.

पावसाळ्यात रात्री पिकत्या फळांत सोंड खुपसणारा रसशोषक पतंग हा दुसरा शत्रू. त्याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. औषधासाठी कुंपणावर चढवलेली गुळवेल डाळिंबाजवळ ठेवू नये.

काढणीत घाई महागात पडते, कारण तोडलेले डाळिंब आंब्यासारखे पिकत नाही. फळाच्या बाजू किंचित चपट्या झाल्या, टोकाच्या मुकुटाच्या पाकळ्या आत वळल्या आणि टिचकी मारल्यावर धातूसारखा नाद आला, की फळ तयार समजावे. ते ओढू नये. कात्रीने देठ आखूड कापावा. अखेरच्या आठवड्यांत पाणी नियमित द्यावे. कोरड्या मातीनंतर एकदम भरपूर पाणी मिळाल्यास फळे तडकतात आणि तडकलेल्या फळावर दुसऱ्याच दिवशी मुंग्या येतात.