घरचा सर्व्हर : कंटेनर चालवण्याची पद्धत कशी निवडावी?



मी घरी तीन जुने संगणक जोडून त्यांवर तिसरीच्या मुलांच्या वाचनाची रेकॉर्डिंग्ज ठेवत होतो. एका सकाळी उघडून बघतो तर यादी रिकामी! पान उघडत होतं, पण एकाही मुलाचा आवाज नाही. पोटात गोळाच आला. नेमकं काय झालं ते पुढे सांगतो. आधी विषय समजून घेऊया.

कंटेनर म्हणजे काय?
कंटेनर म्हणजे जणू जेवणाचा डबा. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं असतं. डबा कुठेही उघडा, जेवण तेच. २०१३ मध्ये डॉकर आले आणि ही पद्धत सर्वांच्या आवाक्यात आली. एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या गटाला क्लस्टर म्हणतात. आता कोणता डबा कोणत्या संगणकावर उघडायचा, हे ठरवण्याच्या तीन पद्धती पाहू.

१) डॉकर कंपोज : ही एकशिक्षकी शाळा. सगळ्या सेवा एकाच संगणकावर चालतात आणि त्यांची मांडणी एका फाइलमध्ये लिहिलेली असते. शिकायला सोपी. मात्र तो संगणक बंद पडला की शाळेला सुट्टी!

२) डॉकर स्वार्म : २०१६ पासून डॉकरमध्येच मिळते. एक संगणक बंद पडला तर त्यावरची सेवा दुसऱ्यावर सुरू होते. कंपोजसारखीच फाइल वापरता येते, त्यामुळे नवीन शिकणं कमी.

३) कुबरनेटिस : ही मोठी शाळा. मुख्याध्यापक, वेळापत्रक, नोंदवह्या, सगळं काही. गूगलने २०१४ मध्ये ते खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. घरासाठी त्याची हलकी आवृत्ती केथ्रीएस आहे. तरीही मुख्य संगणकात किमान २ जीबी मेमरी हवी आणि शिकायला सवड हवी.

दोन संगणक पुरतात का?
पुष्कळांना वाटतं, एक बंद पडला तर दुसरा आहेच. पण स्वार्म असो वा कुबरनेटिस, निर्णय घेणाऱ्या संगणकांचं बहुमत लागतं. दोघांत बहुमत म्हणजे दोघेही हवेत! एक गेला की उरलेला एकटा निर्णय घेऊ शकत नाही. चालू सेवा चालत राहतात, पण नवीन काही सुरू होत नाही. तीन असतील तर एक बंद पडलेला चालतो, पाच असतील तर दोन. म्हणून असे संगणक विषम संख्येत ठेवतात.

आता माझी गोष्ट.
मी स्वार्म वापरत होतो. ज्या संगणकावर रेकॉर्डिंग्ज होती, त्याचा अडॅप्टर रात्री जळाला. स्वार्मने आपलं काम चोख केलं, सेवा दुसऱ्या संगणकावर सुरू केली. पण रेकॉर्डिंग्ज पहिल्याच्याच डिस्कवर राहिली. डबा हलला, वही दप्तरातच राहिली. चूक माझी होती. सेवा हलते म्हणजे डेटाही हलतो, असं मी गृहीत धरलं होतं. नवीन अडॅप्टर लावल्यावर सगळे आवाज परत मिळाले. डिस्क जळाली असती तर?

मग काय निवडावं?
• मुलांचं काम आणि घरचे फोटो जपायचे असतील, तर एक संगणक, कंपोज आणि रोजचा बॅकअप.
• थोडा वेळही बंद राहून चालणार नसेल, तर तीन संगणक आणि डेटा सर्वांना मिळेल अशी सामाईक साठवण. तीही एकाच डिस्कवर असेल तर धोका तसाच राहतो, आणि बॅकअप इथेही हवाच.
• कुबरनेटिस शिकायचंच असेल, तर जरूर शिका, पण सरावाच्या संगणकावर.

आता माझ्याकडे एका संगणकावर कंपोज, दुसऱ्यावर बॅकअप आणि तिसऱ्यावर केथ्रीएसचा सराव चालू आहे.

घरचा अभ्यास : या रविवारी बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली तरच तो बॅकअप म्हणायचा. आणि पद्धत निवडण्याआधी स्वतःला विचारा : हा संगणक आज रात्री बंद पडला, तर मुलांचं काम कुठे असेल?