घाटात गाडीची ओढ जाते तेव्हा

चालत्या मोटारीची ताकद अचानक जाण्याचे दोन प्रकार आहेत. एकात इंजिन बंदच पडते. दुसऱ्यात ते चालू राहते, आवाजही बरा असतो, पण ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी ओढत नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत गाडी पुष्कळदा ठणठणीत झालेली असते, आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. इथे विचार आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

कोंडाणे, कोंदिवडे, कर्जत, पळसदरी, खोपोली हा सारा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याचा. कर्जत समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर आणि लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. मधली जवळजवळ सगळी चढण बोरघाटात आहे. या घाटातून १८६३ साली रेल्वे गेली. तिचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका आहे, आणि पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्यांना आजही कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. मोटारीला असा आधार नसतो. साधारण १३०० किलोच्या गाडीला सपाटीवर ताशी ५० किलोमीटरने जायला पाच-सहा अश्वशक्ती पुरते. वीस मीटरला एक मीटर चढ लागला की तोच वेग राखायला आणखी बारा अश्वशक्ती लागते. म्हणून अर्धवट तुंबलेला डिझेल फिल्टर कर्जत-चौक रस्त्यावर महिनोन्‌महिने लक्षात येत नाही आणि खोपोली सोडून घाट लागला की पहिल्या वळणांतच जाणवतो.

उंचीवर हवा विरळ होते हे खरे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्यामुळे दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. लोणावळ्यापर्यंतची ही घट सहा टक्क्यांच्या आसपास भरते, आणि तीही हळूहळू होते. गाडीची ओढ एकाएकी गेली असेल तर ‘घाटात असं होतंच’ हे उत्तर मान्य करू नये.

निदानाआधी गाडी सुरक्षित जागी नेणे आले. मागून भरलेले ट्रक येत असतात आणि वळणापलीकडचे त्यांना दिसत नाही. ओढ कमी झाल्याचे जाणवताच चारही इंडिकेटर लावून, उरलेल्या वेगातच डावीकडची रुंद जागा गाठावी. धोक्याचा त्रिकोण वळणावर गाडीच्या लगेच मागे ठेवून उपयोग नाही. तो वळण सुरू होण्याआधी दिसला पाहिजे. माणसांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे, सुरक्षित जागा असेल तिथे थांबावे.

नंतर पहिला प्रश्न आरपीएमच्या काट्याचा. रेस दिल्यावर काटा वर जातो, इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर दोष इंजिनात नसून क्लच प्लेट घसरते आहे. काटाच वर जात नसेल तर इंजिनाला हवा, इंधन किंवा ठिणगी यांपैकी काही कमी पडते, किंवा धूर बाहेर जायची वाट तुंबली आहे. तिसरी शक्यता फार कमी जण तपासतात: ब्रेक सुटलेला नसणे. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल (हात न लावता, जवळ नेऊनही कळते), तर इंजिन निर्दोष असून गाडी ब्रेकशी झगडते आहे. तापमानाचा काटाही लगेच पाहावा. बऱ्याच नव्या गाड्यांचा संगणक इंजिन फार तापले की आधी एसी तोडतो आणि मग ताकद कमी करतो. अशा वेळी रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

या लेखामागचा अनुभव एका टर्बो डिझेल मोटारीचा आहे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने घाट चढताना तिचा पिकअप एकाएकी गेला, इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि काटा ठरावीक जागेच्या वर जाईना. गाडी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली तर सगळे सुरळीत. काही वळणांनी पुन्हा तेच. हे लक्षण नीट ओळखून ठेवण्यासारखे आहे. संगणकाला नको ती मोजमापे मिळाली की तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद आवळून धरतो. फिटर त्याला लिंप मोड म्हणतात. बंद-चालू केल्यावर हा बंध बहुधा सुटतो, मात्र मूळ दोष तिथेच असतो आणि पुढच्या जोराच्या चढावर पुन्हा डोके वर काढतो.

एका गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलला गेला, आणि फरक पडला नाही तेव्हा इंजेक्टरचा खर्च सांगितला गेला. दुसऱ्या फिटरने आधी दोन गोष्टी विचारल्या: रेस दिल्यावर ‘फस्स’ असा आवाज येत होता का, आणि मागे काळा धूर होता का. दोन्हींची उत्तरे ‘हो’ होती. त्याने खालचे गार्ड काढले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होजच्या जोडावर ओलसर, काळपट तेलाचा पट्टा होता आणि त्यावर धूळ चिकटली होती. आतून तेलाचा पातळ थर असणे नेहमीचे. बाहेर ताजा पट्टा दिसला तर तिथून दाबाची हवा निसटते आहे. क्लिप सैल होऊन होज बोटभर सरकला होता. इंजिन आयडलिंगला असताना टर्बोचा दाब नसल्यासारखाच असतो, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच कळत नव्हते. चढावर दाब आला की जोड उघडायचा, हवा निसटायची, डिझेल मात्र पुरेपूर यायचे. काळा धूर त्याचाच. क्लिप बदलून होज नीट बसवल्यावर दोष गेला. स्कॅनरवर आलेला पी-०२९९ हा कोड ‘टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी’ एवढेच सांगत होता. कोडवरून टर्बो किंवा इंजेक्टर बदलायला निघणे म्हणजे ताप आहे म्हणून तपासणी न करताच शस्त्रक्रिया करणे.

इंधन कमी पडण्याची तऱ्हा वेगळी. अशी गाडी सुरू छान होते, हलक्या रेसवर चालते. जोर लावला की झटके खाते आणि थोडा वेळ उभी केली की पुन्हा बरी होते. डिझेल गाडीत आधी फिल्टर पाहावा व त्याच्या तळाचे पाणी काढावे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल ते शोषून घेते, आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पंप तळाचेच ओढतो.

सीएनजीच्या गाड्यांना एक सोय आहे. ओढ गेल्यावर बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. लगेच सुधारली तर दोष गॅसच्या बाजूला: फिल्टर, रेग्युलेटर किंवा सिलिंडरमधला उतरलेला दाब. दोन्हीवर तशीच राहिली तर प्लग आणि कॉइल तपासावेत. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून झिजलेला प्लग गॅसवर आधी मिसिंग (ठिणगी हुकणे) दाखवतो. मात्र टाकीत वापरण्याजोगे पेट्रोल असले पाहिजे. वर्षभर पडून असलेल्या पेट्रोलवर ही परीक्षा करून उपयोग नाही.

मिसिंगसोबत इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो वितळून तुंबतो आणि कॉइलपुरते असलेले काम कित्येक पट खर्चाचे होते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. कर्जत बाजार ते स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांत ती काजळी जळत नाही. त्याचा दिवा लागला, तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून ती जाळून टाकावी. दिवा दुर्लक्षित राहिला की ताकद आवळली जाते आणि मग गॅरेजशिवाय इलाज नाही.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला हवे. उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या सखल मोऱ्यांवर पाणी चढते. पाण्यातून आल्यावर ओढ कमी वाटली तर एअर फिल्टर उघडून पाहावा. भिजला असेल तर तो गाडीचा श्वास कोंडतो. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावे लागते.

फिटरला ‘पिकअप नाही’ एवढेच न सांगता कोणता गिअर होता, काटा कुठे अडला, कोणता दिवा लागला, धुराचा रंग काय होता आणि बंद-चालू केल्यावर काय झाले, हे सांगावे. कोड पुसण्याआधी ते लिहून घ्यावेत, कारण पुसल्यावर पुरावाही जातो. आणि दुरुस्तीनंतरची चाचणी गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर न घेता, स्कॅनर जोडून, दोष जिथे दिसला त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये आणि तेवढीच माणसे बसवून घ्यावी.