कप्तान मुल्ला व खुकरी जहाज

धुळ्याची आपली पांझरा तापीस मिळते, आणि तापी सुरतेखाली समुद्रास मिळते. तेथून खंबायतच्या आखाताचे तोंड ओलांडून पश्चिमेस गेले म्हणजे दीव बेट लागते. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांनी नकाशावर ही वाट बोटाने चालून पाहावी. पुढील हकीकत तिकडच्याच पाण्यात घडली.

सन १९७१ च्या डिसेंबरात भारत व पाकिस्तान यांचे युद्ध चालू होते. दीवच्या बाजूस शत्रूची पाणबुडी आहे असे कळल्यावरून ८ तारखेस खुकरी व कृपाण ह्या युद्धनौका मुंबईहून तिच्या शोधास निघाल्या. खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १९२६ साली गोरखपुरास झाला होता.

पाणबुडी डोळ्यांस दिसत नाही. तिला कानाने शोधावे लागते. जहाजावरील यंत्र पाण्यात आवाज सोडते, आणि तो पाणबुडीवर आपटून परत आला म्हणजे तिचा ठिकाणा लागतो. विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनी येतो, तसेच हे. परंतु हाक मारणाऱ्याची जागा लपलेल्यासही कळते! पाकिस्तानची 'हंगोर' पाणबुडी खुकरीहून अधिक दूरचे ऐकत असे. शिवाय एका नव्या उपकरणाची परीक्षा चालू असल्यामुळे खुकरी मंद गतीने चालली होती. हे योग्य झाले की नाही याविषयी जाणत्यांत मतभेद आहे. ज्याने तापीतील नावेपलीकडे काही पाहिले नाही अशा माझ्यासारख्याने त्याचा निकाल देऊ नये.

९ तारखेस रात्री नवाच्या सुमारास हंगोरने सोडलेला टॉर्पेडो खुकरीस लागला व थोड्याच मिनिटांत ती बुडाली. खालच्या मजल्यांवरील पुष्कळांस वर येण्यास अवकाशच मिळाला नाही. मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. वाचलेले सांगतात की, त्यांनी आपले प्राणरक्षक जाकीट दुसऱ्यास दिले, जवळच्या अधिकाऱ्यांस पाण्यात ढकलले, आणि स्वतः आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

येथे शिक्षकाने थोडे थांबावे. कोणी विचारील, त्यांनीही उडी घेतली असती तर काय दोष होता? काहीच नाही. कप्तानाने जहाजाबरोबर बुडावेच असा नियम नाही, आणि मरण पत्करणे हीच थोरवी असे तर मुलांस मुळीच सांगू नये. पाहावयाचे ते त्याआधीच्या क्षणांत आहे. पंगतीत ज्याच्या हाती वाढप असते तो सर्वांच्या मागून जेवतो. ज्याच्या हाती हुकूम होता त्याने तसेच केले.

त्या रात्री १८ अधिकारी व १७६ खलाशी मृत्यू पावले. ६७ जण वाचले. मुल्ला यांस मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले व २००० साली त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीटही निघाले. खलाशांची घरे मात्र गावोगाव होती, आणि त्यांतील बहुतेकांची नावे त्या त्या गावाबाहेर कोणास ठाऊक नाहीत. दीवच्या किनाऱ्यावर काचेच्या पेटीत खुकरीची लहानशी प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून ठेविली आहे. खरी खुकरी तिच्या माणसांसह समुद्राच्या तळाशीच आहे.