पाणबुड्याचा कान

मालवणच्या किनाऱ्यालगत, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणारे हौशी लोक आज पुष्कळ दिसतात. प्रथमच उतरणाऱ्यास श्वासाची चिंता वाटते. परंतु पहिली तक्रार बहुधा कान करतो. दोन-तीन मीटर खोली गाठली न गाठली तोच कानाला दडा बसतो व पाठोपाठ ठणका लागतो. नवशिक्यास वाटते, कानात पाणी शिरले! वास्तविक या वेदनेचे कारण पाणी नसून पाण्याचा दाब हे असते.

कानाची बाहेरची नळी सुमारे 2.5 सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाशी कानाचा पातळ पडदा असतो. तो शाबूत असेपर्यंत पाणी त्यापलीकडे जात नाही. पडद्याच्या आत मध्यकर्णाची हवेने भरलेली पोकळी असून ती कंठकर्णनलिकेने घशाच्या वरच्या भागास जोडलेली असते. समुद्रात 10 मीटर खोल गेले की अंगावरील दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. आतील हवेचा दाब त्या प्रमाणात वाढला नाही, तर पडदा आत ढकलला जातो.

यावर उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरावे, ओठ मिटावेत आणि नाकावाटे हळूच हवा सोडण्याचा प्रयत्न करावा. ती हवा नलिकेतून मध्यकर्णात जाते व दडा सुटतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अंतोनिओ वाल्साल्वा याने 1704 साली कानावरील आपल्या ग्रंथात ही कृती वर्णिली. ती वेदना होण्यापूर्वीच, थोड्या थोड्या खोलीवर करावी. मात्र जोर करू नये. दडा सुटला नाही तर थोडे वर यावे. हट्टाने खाली गेल्यास पडदा फाटतो, थंड पाणी आत शिरते आणि अशी भोवळ येते की वर कोणते व खाली कोणते हेही उमगत नाही. सर्दीत नलिका सुजते, म्हणून त्या दिवशी उतरूच नये. कानात बोळेही घालू नयेत. दाबाने ते आत रुततात.

बाहेर आल्यावर कानात पाणी राहिले असेल, तर मान कलती करून कानाची पाळी हळूच ओढावी व ते निथळू द्यावे. काडी कधीही घालू नये. ओल राहिल्यास आतली त्वचा मऊ पडून जंतूंचे फावते. ठणका थांबला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

पाण्याखाली बोलता येत नाही. तळवा आडवा धरून डोलवावा व कानाकडे बोट दाखवावे, म्हणजे सोबत्यास अडचण कळते. पुष्कळजण केवळ लाजेने ही खूण करीत नाहीत. परंतु वेळीच थांबणे हा भित्रेपणा नव्हे. समुद्र उद्याही तेथेच असेल; त्याची गाज ऐकण्यास कान मात्र शाबूत हवेत.

स्वाध्याय
1. पाण्याखाली कान का दुखतो?
2. सर्दी झाली असता पाण्याखाली का उतरू नये?
3. ‘वेळीच थांबणे हा भित्रेपणा नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.