मुखावरील त्वचारोपण आणि प्रतिजैविके

नासासंधानाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. पुण्याजवळ कावसजीचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेने सांधल्याचे वृत्त १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने छापले होते. तेथे त्वचेचा देठ राखल्याने रक्तपुरवठा टिकला. त्वचारोपणात मात्र त्वचा पूर्णपणे विलग केलेली असते. प्रारंभी सुमारे दोन दिवस ती व्रणतळातील स्रावावर जगते. नंतर केशवाहिन्या जुळतात. खाली साठलेले रक्त, हालचाल व जंतुसंसर्ग हे तिचे तीन शत्रू होत. पहिल्या दोहोंवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही.

म्हणून प्रतिजैविक द्यावे की नाही व किती दिवस, हे शस्त्रवैद्यानेच ठरवावे. नाशिक परिसरातील वैद्यबंधूंना आम्ही सुचवितो की, रोपित त्वचेवरील पट्टी सोडू नये. लेप वा चूर्ण लावू नये. ज्वर, पूय, दुर्गंध, वाढती लाली किंवा त्वचा काळवंडणे दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी शस्त्रवैद्याकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर प्रतिजैविके पुन्हा देऊ नयेत. सेफिक्झिमसारखी औषधे मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. अकारण दिलेल्या मात्रेने जंतू औषधास दाद देईनासे होतात आणि खऱ्या संसर्गाच्या वेळी रुग्णाची रोपित त्वचा वाचविणे कठीण होते.